चुकलेली रांग

मला लहानपणापासून विज्ञानकथांचे वेड आहे. आमच्या शाळेच्या ग्रंथालयात एक काचेचे कपाट होते. त्याच्या सर्वांत खालच्या कप्प्यात भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नच्या कथा आणि जयंत नारळीकरांचे 'यक्षांची देणगी' हे पुस्तक असे. ती पुस्तके मी इतक्या वेळा घरी नेली, की ग्रंथपाल गुरुजींनी शेवटी नोंदवहीत माझे नाव लिहिणेच सोडून दिले. पुढे मी एका तालुक्याच्या गावी विज्ञानाचा शिक्षक झालो, तरी वेड काही सुटले नाही. मात्र आता मी ते लपवू लागलो. शिक्षकांच्या खोलीत एकदा कोणीसे माझ्या हातातील पुस्तकावरचा अग्निबाण पाहून हसले होते. त्या दिवसापासून माझ्या साऱ्या पुस्तकांना वर्तमानपत्राची वेष्टने चढली.

अशा संकोची माणसाने विज्ञानकथांच्या चाहत्यांच्या जागतिक संमेलनाला जाण्याचे ठरवावे, हे नवलच म्हणावयाचे. या संमेलनाला 'वर्ल्डकॉन' म्हणतात. ते पहिल्यांदा १९३९ साली न्यूयॉर्क येथे भरले. तेव्हा जेमतेम दोनशे माणसे जमली होती. महायुद्धामुळे १९४२ ते १९४५ ही चार वर्षे ते भरू शकले नाही. एरवी दर वर्षी ते भरत आले आहे. २०१९ साली ते आयर्लंडमध्ये, डब्लिन शहरी भरावयाचे होते. त्या देशात ते प्रथमच भरत होते. चार वर्षे मी थोडे थोडे पैसे बाजूला टाकीत होतो. ते स्कूटरसाठी आहेत, असा घरच्यांचा समज होता. तिकीट काढले त्या रात्री मी सर्व सांगून टाकले. पत्नी म्हणाली, "स्कूटर काय, पुढच्या वर्षीही मिळेल. पण तिकडे जाऊन नुसते कोपऱ्यात बसून परत येऊ नका."

तिला माझा स्वभाव पुरता ठाऊक होता.

संमेलनाचा पहिला दिवस होता १५ ऑगस्ट. आमच्या शाळेत मुले झेंडावंदनासाठी जमली असतील, या विचाराने सकाळी मन थोडे उदास झाले. रस्त्यावरील एका इमारतीवर आयर्लंडचा झेंडा फडकत होता. हिरवा, पांढरा आणि नारिंगी असे तीन उभे पट्टे पाहून क्षणभर आपलाच तिरंगा कोणी आडवा धरला आहे, असे वाटले. त्याच दिवशी रक्षाबंधनही होते. बहिणीने पाकिटात घालून दिलेली राखी मी आपल्याच हाताने, दाताने गाठ ओढीत, मनगटावर बांधली आणि निघालो.

लिफी नदीच्या काठी ते भव्य संमेलनगृह आहे. त्याच्या दर्शनी भागी काचेचा प्रचंड नळकांड्यासारखा आकार तिरपा बसविलेला आहे, आणि त्यातून सरकते जिने वर वर जाताना दिसतात. शेजारीच नदीवर एक पांढरा पूल आहे, तो आडव्या ठेवलेल्या वीणेसारखा दिसतो. वीणेसारखेच 'हार्प' नावाचे तंतुवाद्य हे आयर्लंडचे राष्ट्रचिन्ह आहे. वारा बोचरा होता. आत शिरलो मात्र, आणि डोळे दिपून गेले! चंदेरी पोशाखातील अंतराळवीर चहाचे पेले घेऊन चालले होते. हिरव्या रंगाने तोंड रंगविलेले एक सद्गृहस्थ आपल्या नातवाच्या बुटाचा बंद बांधीत होते. म्हाताऱ्या, तरुण, चाकाच्या खुर्चीत बसलेल्या, काखेत पुस्तकांचे गठ्ठे घेतलेल्या अशा हजारो माणसांचा तेथे मेळा लोटला होता. कोणाच्याही पुस्तकाला वर्तमानपत्राचे वेष्टन नव्हते.

आणि मी? मी पहिला सबंध दिवस कोणाशी चकार शब्द बोललो नाही. गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवून भिंतीकडेने हिंडलो, व्याख्याने ऐकली, डब्यातले दशम्यांचे तुकडे खाल्ले आणि रात्री खोलीवर परत आलो. पत्नीचे शब्द आठवून झोप लागेना.

त्या वर्षीच्या सन्माननीय पाहुण्यांत जोसेलिन बेल बर्नेल या शास्त्रज्ञ बाई होत्या. त्यांच्यासाठी तर मी मुख्यतः गेलो होतो. १९६७ साली केंब्रिज येथे शिकत असताना, रेडिओ दुर्बिणीतून निघालेल्या कागदाच्या लांबच लांब पट्ट्या त्या तपाशीत असत. त्या पट्ट्यांवर त्यांना एक बारीकसा खरवडल्यासारखा ठसा आढळला. दुसरा कोणी असता, तर यंत्राचा दोष म्हणून त्याने तो सोडून दिला असता. बाईंनी तो सोडला नाही. आकाशातून सुमारे १.३३ सेकंदांच्या अंतराने अचूक ठोके येत होते! परग्रहावरील माणसे तर खुणावीत नाहीत ना, म्हणून त्या ठिकाणाला थट्टेने 'हिरवी छोटी माणसे' असे नाव पडले. पुढे कळले, की तो गरगर फिरणारा एक विलक्षण तारा आहे. अशा ताऱ्यांना आज 'पल्सार' म्हणतात. या शोधाशी संबंधित नोबेल पारितोषिक १९७४ साली त्यांच्या मार्गदर्शकांना व आणखी एका शास्त्रज्ञांना मिळाले. बाईंना मिळाले नाही. पण २०१८ साली त्यांना ३० लाख डॉलरांचे दुसरे मोठे पारितोषिक लाभले, तेव्हा ती सारी रक्कम त्यांनी संशोधन करू इच्छिणाऱ्या, पण संधी न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी देऊन टाकली.

तेव्हा, त्यांचे भाषण ऐकण्यासाठी मी तासभर आधीच रांगेत जाऊन उभा राहिलो. रांग कशाची आहे, हे कोणास विचारावे, असे मनात आले होते. पण विचारण्याचा धीर झाला नाही. रांग लांब होती, त्या अर्थी ती त्यांचीच असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली.

माझ्यापुढे एक इंग्रज आजीबाई उभ्या होत्या. त्यांच्या खांद्याला एक भली मोठी झोळी होती, आणि तिच्यातून रंगीत कापडांची टोके डोकावत होती. मागे एक फिनलंडचा तरुण होता, त्याच्या पाठीला पुठ्ठ्याचे पंख होते. आजीबाईंनी माझ्या मनगटाकडे पाहून विचारले, "हे कोणत्या ग्रहाचे चिन्ह?"

"पृथ्वीचेच," मी म्हणालो. "माझ्या बहिणीने दिले आहे."

मग राखीची हकीकत सांगावी लागली. बोलता बोलता त्यांनी विचारले, "तुमच्या भाषेत विज्ञानकथा आहेत का हो?"

हा प्रश्न किती साधा! पण मला घाम फुटला. आता नावे सांगावी लागतील, कथा सांगाव्या लागतील, इंग्रजी अडखळेल, मागचे पुढचे लोक ऐकतील... आणि मी पटकन म्हणून गेलो, "विशेष नाहीत."

आजीबाईंनी "असे होय" म्हणून मान हलविली व त्या पुढे पाहू लागल्या. प्रश्न मिटला. माझ्या मनात मात्र तो काही मिटेना. ते काचेचे कपाट डोळ्यांपुढे उभे राहिले. ज्यांनी माझे नाव लिहिणे सोडून दिले होते, ते ग्रंथपाल गुरुजी चष्म्यावरून माझ्याकडे पाहत आहेत, असा भास झाला. ज्या पुस्तकांनी मला येथवर आणले, ती नाहीतच, असे मी परक्या मुलखात, केवळ संकोचापायी सांगून बसलो होतो. रांग दोन पावले पुढे सरकली; मी जागीच उभा राहिलो.

"माफ करा," अखेर मी म्हणालो, "मी मघाशी खोटे बोललो. पुष्कळ कथा आहेत."

आजीबाई वळल्या. फिनलंडचा तरुणही पुढे सरसावला. मग मी नारळीकरांविषयी सांगितले. हा माणूस मोठा खगोलशास्त्रज्ञ. केंब्रिजमध्ये त्यांनी फ्रेड हॉईल यांच्याबरोबर संशोधन केले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठविली. जयंत विष्णु नारळीकर या नावाची आद्याक्षरे उलटी केली, की हे नाव मिळते. अक्षर ओळखू येऊ नये, म्हणून कथेची प्रत त्यांच्या पत्नीने लिहून दिली होती. आणि बक्षीस त्याच कथेला मिळाले! हे ऐकून दोघेही खदखदून हसले. माझी भीड थोडी चेपली. मी त्यांची 'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा सांगू लागलो.

येथे मात्र गाडी अडली. कथेत क्रिकेट आहे. ते आजीबाईंना समजले, पण फिनलंडच्या तरुणाला समजेना. गणपती दोघांनाही समजेना. बहुतेक घरांतील मूर्तींची सोंड डावीकडे असते, उजव्या सोंडेचा गणपती विरळा, आणि त्याची पूजा फार कडक असते, हे सारे सांगून झाले. पण डाव्याचे उजवे होते कसे? ते मोबियसच्या पट्टीवाचून सांगता येईना.

"थांबा," आजीबाई म्हणाल्या. त्यांनी झोळीतून झिरझिरीत कापड काढून चार बोटे रुंदीची एक लांब पट्टी कापली. मी सांगितल्याप्रमाणे तिच्या एका टोकाला अर्धा पीळ देऊन ते दुसऱ्या टोकाशी जुळविले, आणि उभ्या उभ्याच सुईदोऱ्याने चार टाके घातले. तोवर मी एका कागदातून गणपतीची आकृती कापली: मोठे कान आणि डावीकडे वळलेली सोंड. शिवणीपाशी ती कापडावर ठेवली. तिचे डोके पट्टीच्या लांबीच्या दिशेने होते. मग फिनलंडच्या तरुणाने ती न उचलता, न फिरविता, कापडाला चिकटवून हळूहळू पुढे सरकविली. एक फेरी पूर्ण झाली. गणपती शिवणीपाशी परत आला, पण कापडाच्या पलीकडल्या बाजूला. आम्ही आरपार पाहिले. सोंड उजवीकडे!

"अरे!" तो तरुण ओरडला. मागचे पुढचे दहाबारा लोक गोळा झाले. मला ती कथा पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागली. माझे इंग्रजी त्या वेळी कसे होते, ते मला आठवत नाही.

इतक्यात दार उघडले आणि आजीबाई म्हणाल्या, "चला, पोशाख शिवण्याची चर्चा सुरू होईल."

"पोशाख?" मी विचारले.

रांग पोशाखांच्या चर्चेची होती! मी धावत जिन्याकडे गेलो. तेथे एका स्वयंसेवकाने हळहळत सांगितले, की त्या दुसऱ्या सभागृहात आता तीळभर जागा नाही. जोसेलिन बाईंचे भाषण मी ऐकले नाही, ते नाहीच. त्याची रुखरुख मला आजही आहे. उगीच का नाही म्हणू?

मी परत येऊन आजीबाईंच्या शेजारी बसलो. त्यांनी मला सांगितले, की १९३९ सालच्या त्या पहिल्या संमेलनात दोनच माणसे भविष्यकाळातील पोशाख घालून आली होती, आणि ते दोन्ही पोशाख मर्टल डग्लस या बाईंनी शिवले होते. आजीबाई स्वतः प्रथम १९७९ साली ब्रायटनच्या संमेलनाला गेल्या. "पहिले दोन दिवस मी हातपाय धुण्याच्या खोलीत पुस्तक वाचीत लपून बसले होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही तर एकाच दिवसात बाहेर आलात."

त्यांनीच मला आणखी एक गोष्ट सांगितली. हे संमेलन कोणी व्यापारी भरवीत नाही. चाहतेच ते भरवितात. जो पैसे भरतो, तो प्रेक्षक नव्हे, सभासद होतो. दारावर उभे राहणारे, खुर्च्या मांडणारे, हिशेब लिहिणारे, सारे बिनपगारी असतात. विज्ञानकथांसाठी दिले जाणारे ह्यूगो पारितोषिकही सभासदांच्या मतांनी ठरते. त्याचा आकार अग्निबाणाचा असतो. शेवटून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तो समारंभ अगदी मागच्या रांगेतून पाहिला. एक पारितोषिक 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या, वाचकांनीच लिहिलेल्या कथांच्या भल्या मोठ्या संग्रहाला मिळाले. ते स्वीकारताना लेखिका नाओमी नोविक यांनी सभागृहातील दिवे लावावयास सांगितले, आणि ज्यांचा ज्यांचा त्या कामात वाटा आहे, त्यांनी उभे राहावे, असे म्हटले. ठिकठिकाणी माणसे उभी राहू लागली. माझ्या शेजारी इतका वेळ अंग चोरून बसलेली एक मुलगीही उभी राहिली. तिला रडू येत होते.

अखेरच्या दिवशी मी स्वयंसेवकांत नाव दिले. 'रांगेचा शेवट येथे' असा फलक घेऊन मी दोन तास उभा होतो. जो येई त्याला मी न विचारताच सांगत असे, की ही रांग कशाची आहे. काही जणांना हा आगंतुकपणा वाटला असेल.

ती झिरझिरीत पट्टी आजीबाईंनी मला दिली. २० मे २०२५ रोजी नारळीकरांचे पुण्यात निधन झाले, त्यानंतर मी ती एकदा वर्गात नेली आणि मुलांना तीच कथा सांगितली. कागदाचा गणपती एक फेरी करून आला, सोंड उजवीकडे वळली, मुलांनी टाळ्या वाजविल्या. मागच्या बाकावर एक मुलगा बसतो. तो वर्षभरात वर्गात कधी बोललेला नव्हता. त्याने हात अर्धाच वर केला.

"सर," तो म्हणाला, "दोनदा फिरवला तर?"

मी पट्टी त्याच्या हाती दिली.