अब्बांची डीव्हीडी

अब्बांचा आवाज आता एकाच ठिकाणी उरला आहे : 2008 साली मलकापुरात झालेल्या आपाच्या निकाहाच्या डीव्हीडीत. रुखसतीच्या वेळी ते दुआ मागतात. गेल्या रमजानमध्ये अम्मीने ती लावायला सांगितली, तर संगणक म्हणाला, डिस्क टाका. डिस्क तर आतच होती!

अम्मीचा चेहरा उतरला. मी नातांची जुनी सीडी घालून पाहिली; ती बिनतक्रार वाजली. मग उलगडा झाला. सीडी 780 नॅनोमीटरच्या अवरक्त किरणाने वाचली जाते, डीव्हीडी 650 च्या लाल किरणाने. ड्राइव्ह एकच, पण आत लेसर दोन. एक थकला तरी दुसरा चालतो. भिंगावर धूळ असली तरी बहुधा आधी डीव्हीडीच अडते, कारण तिच्यावरच्या खुणा अधिक बारीक. आणि धुळीला आमच्याकडे तोटा नाही. अल्कोहोलचा बोळा भिंगावरून हलकेच फिरवला. (अल्कोहोल, तेही रमजानमध्ये! अम्मीने भुवया उंचावल्याच.) उपयोग झाला नाही.

शेवटी शाळेतल्या एका सरांची यूएसबीवर चालणारी ड्राइव्ह मागून आणली. आधी सगळे पेनड्राइव्हवर उतरवून घेतले, मगच लावले. अब्बांचा आवाज आला. अम्मीने ओढणी डोक्यावर घेतली, हात उचलले आणि प्रत्येक वाक्याला हळूच ‘आमीन’ म्हणत राहिली.