बोटाखालचा कासरा

रिमोटवर धावणाऱ्या शर्यतीच्या गाडीत बॅटरी आणि मोटार यांच्यामध्ये काडेपेटीएवढी एक डबी बसवलेली असते. तिला ईएससी म्हणतात, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर. वेगाला आवर घालणं हे काम तिच्या नावातच सांगितलेलं आहे, आणि जुळणी करायला बसणारा जवळपास प्रत्येक जण नेमकं तेच विसरतो. सेटिंगचं कार्ड जोडलं की बोट आधी जातं ते बूस्ट, टर्बो आणि पंच (म्हणजे उठावाचा झटका) या तीन ओळींवर. मग कुठल्यातरी जगज्जेत्याचा तक्ता समोर ठेवून आकडे जसेच्या तसे भरले जातात. माझं म्हणणं असं की यवतमाळ जिल्ह्यातल्या मातीत आणि उन्हात ही डबी नेमक्या उलट्या क्रमानं जुळवावी. आधी न्यूट्रल, मग ब्रेक, मग गिअर आणि तापमान, त्यानंतर पंच. बूस्ट आणि टर्बो सगळ्यांत शेवटी, आणि बहुतेक वेळा शून्यावरच. यामागे भित्रेपणा नाही, हिशोब आहे, आणि तो इथं मांडतो.

ही डबी काय करते हे आपल्या भागात समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत, कारण विहिरीवरच्या मोटारीनं तो धडा आधीच दिलेला आहे. तीन फेजची मोटार थेट लाईनवर टाकली तर सुरू होताना ती नेहमीच्या पाच ते सातपट करंट ओढते. म्हणून मोठ्या मोटारीला स्टार-डेल्टा स्टार्टर लागतो, आणि म्हणूनच महावितरण शेतकऱ्यांना ऑटो स्विच काढून टाका असं वारंवार सांगत असतं. लाईन आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि रोहित्र बसतं. खेळातल्या मोटारीचंही तेच आहे. फिरणारी मोटार आतून उलटा दाब तयार करते आणि करंटला अडवते, पण थांबलेली मोटार म्हणजे निव्वळ तांब्याच्या तारेचं वेटोळं, तिच्यात करंटला अडवणारं जवळपास काही नसतं. ईएससी हा प्रवाह मोसफेट नावाच्या स्विचांमधून सेकंदाला हजारो वेळा तोडत-जोडत मापून सोडते. शेतात सौर पंप बसला असेल, तर त्याच्या पेटीतला कंट्रोलर हा याच कुळातला थोरला भाऊ. १९७६ साली टामियाची पहिली रेडिओ गाडी, पोर्शे ९३४, बाजारात आली तेव्हा हे काम रेझिस्टरकडे होतं. सर्व्हो एक पट्टी सरकवायचा आणि नको असलेली ताकद रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन वाया जायची. आजची डबी तशी उधळपट्टी करत नाही, पण उष्णता तिलाही चुकलेली नाही. ती दिसेनाशी झाली, एवढंच.

जुळणीतलं पहिलं काम इतकं साधं आहे की ते उरकून टाकायचा मोह होतो. ते म्हणजे ट्रिगर आणि ईएससी यांची एकमेकांशी ओळख करून देणं. रिसीव्हरकडून ईएससीला एक ते दोन मिलिसेकंदांच्या लांबीचे इशारे जातात. साधारण दीड मिलिसेकंद म्हणजे न्यूट्रल. हा दीडचा आकडा प्रत्येक रिमोटमध्ये काटेकोर दीडच असतो असं नाही, म्हणून ईएससीला तो दाखवावा लागतो. गाडी ठोकळ्यावर ठेवायची, चाकं अधांतरी हवीत. रिमोटचे ट्रिम शून्यावर, एक्स्पो (ट्रिगरचा सुरुवातीचा प्रतिसाद मवाळ करणारी सोय) शून्यावर, ट्रिगरची दोन्हीकडची टोकं शंभर टक्क्यांवर. हॉबीविंग कंपनीच्या क्विकरन मालिकेतल्या बऱ्याच ईएससींत सेट बटण दाबून धरत स्विच चालू केला की लाल दिवा लुकलुकू लागतो. ट्रिगर मोकळा ठेवून बटण दाबलं की हिरवा दिवा एकदा चमकतो आणि मोटार एकदा बारीक शिटी देते. ट्रिगर पूर्ण ओढून दाबलं की दोनदा, पूर्ण पुढे ढकलून दाबलं की तीनदा. काम दोन मिनिटांचं, पण नंतर रिमोटच्या ट्रिमला धक्का लागला तर ते सारं फुकट जातं. न्यूट्रल किंचित सरकलेलं असेल तर गाडी थांबल्यासारखी दिसते आणि मोटार मात्र आतून कुढत राहते. किंवा बोट मोकळं सोडलं तरी ब्रेक पुरता सुटत नाही, आणि चालवणारा दोष टायरला देत बसतो. ब्रेक, पंच, टर्बो हे सगळं याच एका बिंदूपासून मोजलं जातं. पाया वाकडा असेल तर वरचा प्रत्येक आकडा खोटा ठरतो.

आता उन्हाकडे येतो, कारण माझ्या म्हणण्याचा खरा आधार तिथं आहे. मोटारीच्या बाहेरच्या अंगाचं तापमान ८० अंश सेल्सिअसच्या आसपास थांबावं असा सावध नियम आहे. त्याच्या पुढे आतल्या निओडिमियम चुंबकांची ताकद उतरू लागण्याचा धोका असतो. साध्या प्रतीच्या या चुंबकांची मर्यादा ८० अंशांचीच आहे, वरच्या प्रतींची जास्त असते. युरोपातल्या एखाद्या बंदिस्त सभागृहात हवा २० अंशांवर असते, म्हणजे मोटारीला तापायला ६० अंशांची जागा मिळते. यवतमाळात मे महिन्यात हवाच ४४ अंशांवर असते, तेव्हा जागा उरते ३६ अंशांची. म्हणजे मोटारीनं बाहेर टाकायची उष्णता तिथल्या ६० टक्क्यांवर आणावी लागते. वायंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ढोबळ हिशोबानं करंट सुमारे २२ टक्के कमी करावा लागेल. यात तांब्याची भर आहेच. तापमान ५० अंशांनी वाढलं की तांब्याचा अवरोध साधारण २० टक्क्यांनी वाढतो, म्हणजे तापलेली मोटार तेवढ्याच करंटला आणखी तापते. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४४५ मीटर उंचीवर आहे, आणि तापलेली हवा विरळ असते. पंखा तितकाच फिरला तरी ओढून आणलेली हवा वजनाला कमी भरते. हा सगळा हिशोब ढोबळ आहे, प्रत्यक्षात मोटार क्षणाक्षणाला वेगळी तापते, हे मान्य. पण त्याची दिशा चुकीची नाही. परक्या हवेतला तक्ता इथं उतरवला की तो २२ टक्क्यांचा फरक कोणीतरी भरतो, आणि तो वायंडिंग भरतं. रिवाइंडिंगच्या दुकानात शिरताच जो करपलेल्या वार्निशचा वास येतो तो प्रत्येक शेतकऱ्याच्या ओळखीचा आहे. छोट्या मोटारीचाही वास तोच.

बूस्ट आणि टर्बो हे टायमिंगचे प्रकार आहेत. वेग वाढला की वायंडिंगमध्ये करंट उभा राहायला उशीर होतो, म्हणून ईएससी तो थोडा आधी सोडते. त्यानं वरचे फेरे वाढतात, पण करंट आणि उष्णताही वाढते. बूस्ट ठरावीक फेऱ्यांनंतर हळूहळू चढतो. टर्बो ट्रिगर पूर्ण ओढलेला राहिला की थोड्या विलंबानं येतो. जिथं लांबलचक सरळ रस्ता आहे तिथं याला अर्थ आहे. पण शाळेच्या मैदानावर किंवा कापणी झालेल्या वावरात आखलेल्या ट्रॅकवर सरळ भाग २० मीटरचा असला तर सेकंदाला १० मीटरच्या सरासरीनं तो दोन सेकंदांत संपतो. त्यातही शेवटचा भाग ब्रेकचा. टर्बोला उरतं ते डोळ्याची पापणी लवण्याएवढं, आणि त्यासाठी मोटार पाच मिनिटं भाजायची.

इथं एक आक्षेप हमखास येतो, आणि तो आपल्या मातीतून आलेला असल्यामुळे मला तो महत्त्वाचा वाटतो. शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे बैलजोड्यांचा शंकरपट उभा राहतो. सरळ धाव, जोडी सुटली की काही सेकंदांत निकाल. तिथं उडी हेच सर्वस्व, मग इथं पंच का कमी करायचा? उत्तर शर्यतीच्या आकारात आहे. विजेच्या मोटारीवरच्या दहापट लहान गाड्यांची फेरी साधारण पाच मिनिटांची असते आणि ट्रॅक वळणांनी भरलेला असतो. समजा एक फेरा २० सेकंदांचा आहे, म्हणजे १५ फेरे. जोरदार सेटिंगनं प्रत्येक फेऱ्यात एक दशांश सेकंद वाचला, तर शेवटी कमाई दीड सेकंदाची. त्याच सेटिंगमुळे गाडी एकदा गिरकी खाऊन उलट्या तोंडानं उभी राहिली तर तीन सेकंद सहज जातात. एका चुकीत दोन शर्यतींची कमाई गेली. आणि शंकरपटातही जाणकार माणूस धुरकऱ्याचा कासरा बघतो, नुसता आवाज ऐकत नाही.

मातीचा विषय मोठा आहे आणि मला त्यावर थोडं रेंगाळायचं आहे. आपली भारी काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा थर फुफाटा होतो. त्याच मातीवर पाणी शिंपडून, चोपून, वाळवून खळं केलं की ती फरशीसारखी घट्ट बसते, आणि पहिला पाऊस पडला की टायरला लगद्यासारखी चिकटते. बरड, मुरमाड जमिनीवर बारीक खडे चाकाखाली गोळ्यांसारखे लोळतात. म्हणजे एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षात, एकाच गाडीला तीन-चार वेगवेगळ्या जमिनी मिळतात. फुफाट्यावर पंच जास्त असेल तर चाक जागच्या जागी फिरून माती उकरतं. डोळ्याला जोर दिसतो, धूळ उडते, आणि गाडी मात्र पुढे सरकत नाही. पंच दोन-तीन पायऱ्या खाली आणला की तीच गाडी शांतपणे निघते आणि पुढच्या वळणावर आधी पोहोचते. ड्रॅग ब्रेकचं आणखी नाजूक आहे. बोट सोडताच आपोआप लागणारा हा हलका ब्रेक घट्ट जमिनीवर वजन पुढच्या चाकांवर टाकतो आणि वळायला मदत करतो. फुफाट्यावर, विशेषतः मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत, तोच मागची चाकं धरून ठेवतो आणि शेपूट पुढे येतं. तिथं तो शून्य ते पाच टक्क्यांच्या वर नेऊ नये असं माझं मत आहे. शिवाय हा ब्रेक म्हणजे वेगळं यंत्र नाही. मोटारच जनरेटर होते आणि तिची टोकं ईएससी आपसांत जोडते, म्हणजे ब्रेकची उष्णताही मोटार आणि ईएससी यांच्याच अंगावर पडते. ओल्या काळ्या मातीत तर ब्रेक, पंच सगळं बाजूला ठेवून आधी टायर खरवडावेत. चाकाला चिकटलेला चिखल म्हणजे प्रत्येक उठावाला जास्तीचा करंट.

दुसरा आक्षेप असा की पंखा लावला की उष्णतेचा प्रश्न मिटतो. पंखा लावावाच. पण पंखा हवेपेक्षा थंड काही देऊ शकत नाही, ४४ अंशांची हवा ४४ अंशांचीच राहते. त्यात कापसाच्या दिवसांत, जिनिंगच्या आसपास, रुईचे तंतू पंख्याच्या आसाभोवती गुंडाळतात आणि तो मुकाट्यानं थांबतो. प्रत्येक फेरीनंतर पंख्याला फुंकर मारून बघणं हा इथं जुळणीचाच भाग आहे. तिसरा आक्षेप जास्त चतुर आहे. हे सगळं रिमोटमधून करता येतं, टोकं कमी करा, एक्स्पो लावा, ईएससीला हात कशाला लावता? काही अंशी ते खरं आहे, आणि एखाद्या स्वस्त गाडीत, जिथं रिसीव्हर आणि ईएससी एकाच पाटीवर असतात आणि सेटिंगला फारसा वाव नसतो, तिथं रिमोटच आधार असतो. पण रिमोट फक्त मागणी कमी करतो. ती मागणी किती झपाट्यानं पुरी करायची आणि बॅटरी कुठं तोडायची हे ईएससीच ठरवते. बॅटरीचं कटऑफ प्रत्येक सेलमागे ३.२ ते ३.४ व्होल्टच्या दरम्यान ठेवावं. डिसेंबरच्या गार सकाळी लिपो बॅटरीचा आतला अवरोध वाढलेला असतो, म्हणून दाब खाली बसतो आणि कटऑफ लवकर येतं. मेमध्ये तीच बॅटरी मोकळ्या हातानं करंट देते. म्हणजे हिवाळ्यात बसवलेला पंच काहीही न बदलता उन्हाळ्यात आपोआप जास्त तिखट होतो, आणि तेही नेमकं नको तेव्हा.

उरतो तो मोठा प्रश्न: इतकं काढून घेतल्यावर गाडी जिंकेल कशी? याचं उत्तर शर्यतींच्या नियमांतच मिळतं. स्टॉक वर्गात ईएससीचं टायमिंग शून्य ठेवणं सक्तीचं असतं. तसं असलं की दिवा ठरावीक पद्धतीनं लुकलुकतो, म्हणून त्याला ब्लिंकी म्हणतात. तिथं कोणाच्याच गाडीत बूस्ट नाही, टर्बो नाही, मोटारी एकाच वर्गाच्या, आणि तरीही पहिला आणि शेवटचा यांच्यात फेऱ्यांचं अंतर पडतं. ते अंतर गिअर, टायर, ब्रेक आणि बोट यांतून येतं. गिअरचंच बघा. ७८ दातांचा स्पर (मोठं चक्र), २६ दातांचा पिनियन (मोटारीवरचं लहान चक्र) आणि गाडीचं आतलं गुणोत्तर २.६ असेल तर एकूण गुणोत्तर ७.८ येतं. पिनियन २४ चा केला की ते ८.४५ होतं. वरचा वेग आठ टक्क्यांच्या आसपास घटतो, पण चाकाला तेवढाच रेटा द्यायला मोटारीची उष्णता सुमारे १५ टक्के कमी होते, आणि वळणातून निघताना गाडी हलकी वाटते. छोट्या ट्रॅकवर हा सौदा फायद्याचा आहे. बाकीची कपात पंचमधून आणि बोटातून करायची.

पुसद आणि यवतमाळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या विद्युत शाखेच्या मुलांना मोटारीचा उलटा दाब पुस्तकात शिकवला जातो. एक गाडी, एक ईएससी आणि तापमान मोजायची गन एवढ्यावर करंट आणि उष्णतेवरचा त्याचा परिणाम मैदानात बघता येतो. गन कारखान्यात वापरतात ती घ्यावी. कपाळाचा ताप मोजणारी ४३ अंशांपुढे जात नाही, आणि मेमध्ये तेवढं तर सावलीतही असतं. गाडी काढाल तेव्हा बूस्ट आणि टर्बो शून्यावर ठेवा, पिनियनचे दोन दात कमी करा, न्यूट्रल पुन्हा दाखवा. पाच मिनिटं चालवून मोटारीवर गन धरा आणि आलेला आकडा, त्या वेळचं हवेचं तापमान आणि जमीन कोणती होती, हे तीनही वहीत लिहा.