पुढची गाडी आहे

आसनगावला एक लोकल चुकली तर माणूस चरफडतो आणि पुढच्या गाडीची वाट बघतो. मुरबाडच्या आतल्या गावात सकाळची मुक्कामी एसटी चुकली तर दिवस गेला. म्हणून तिथे कंडक्टरला थांबवतात, "दोन मिनिटं, आलाच तो!" माझं घर शहापूरचं, आजोळ मुरबाडकडचं. ब्राउझर कसे बनतात हे समजून घेताना मला हाच फरक कामाला आला.

फायरफॉक्स 4 ही मुक्कामी एसटी होती. जुलै 2010 पासून तिच्या 12 बीटा निघाल्या, आणि खरी आवृत्ती आली 22 मार्च 2011 ला. कोड फ्रीझ म्हणजे आता नवीन काही घालायचं नाही, फक्त दुरुस्त्या. पण पुढची आवृत्ती कधी येईल हेच माहीत नसेल, तर प्रत्येकाला आपलं फीचर याच गाडीत कोंबायचं असतं. मग फ्रीझ पुढे सरकतो.

त्याच वर्षी मोझिलाने वेळापत्रक लावलं. दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती, 2020 पासून साधारण चार. या पद्धतीला 'ट्रेन'च म्हणतात. कोड आधी नाइटलीत, मग बीटात, मग सगळ्यांकडे. फीचर कच्चं असेल तर ते बंद ठेवतात, गाडी थांबवत नाहीत. बीटात दुरुस्ती घालायची तर धोका किती आणि चाचणी काय केली, हे लिहून मंजुरी घ्यावी लागते.

मजकूरही गोठवतात. बीटात मेनूतली वाक्यं शक्यतो बदलत नाहीत, कारण मराठी भाषांतर स्वयंसेवक करतात, त्यांना वेळ लागतो. ऐनवेळी नवं वाक्य आलं तर मराठी फोनवर ते इंग्रजीतच दिसतं. ऑफिसात हे किरकोळ वाटतं. पण माझी मावशी फक्त मराठी वाचते. कॅमेऱ्याची परवानगी द्यायची का, हे इंग्रजीत विचारलं की ती न वाचता 'हो' दाबते. "एवढं एकच घालून टाक ना" असं कुणी म्हणालं की मी म्हणूनच नाही म्हणतो. पुढची गाडी आहे.

फायरफॉक्सची बीटा प्ले स्टोअरवर कुणालाही मिळते. जुन्या फोनवर, आपल्याकडच्या रेंजमध्ये ती कुठे अडते, हे शहरातल्या ऑफिसात बसून कळत नाही. फ्रीझच्या त्या थोड्या आठवड्यांत कुणीतरी इथून कळवावं लागतं.