'हे' शेतावर गेले

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमचा धाकटा चाचणीचा पेपर घेऊन घरी आला. इंग्रजी वाक्यांतली सर्वनामे व विशेषणे ओळखायची होती. पाचपैकी दोन गुण! 'धिस' आणि 'हिज' या शब्दांनी घोटाळा केला होता. मी म्हटले, "बघू रे." तर पेपर ओढून घेत म्हणाला, "आई, तुला काय कळतंय त्यातलं?"

त्या दिवशी तव्यावरची भाकरी करपली. त्याचे खोटे नव्हते. सातवी झाली आणि माझी शाळा सुटली. पण नामाऐवजी येते ते सर्वनाम आणि नामाबद्दल अधिक सांगते ते विशेषण, एवढे आमच्या बाईंनी पक्के करून घेतले होते. रात्री सगळे निजल्यावर मी त्याचे पुस्तक उघडले.

सकाळी विचारले, "'हे शेतावर गेले' म्हणते, तेव्हा 'हे' म्हणजे कोण?"

"बाबा!" तो हसला.

"आणि 'हे शेत आपलं' म्हटलं तर?"

"शेतच की."

"मग पहिलं 'हे' बाबांच्या नावाऐवजी आलं, ते सर्वनाम. दुसरं कोणतं शेत ते दाखवतं, म्हणून विशेषण."

इंग्रजीतही तसेच. 'धिस इज अ काऊ' यात गाय पुढे आहे खरी, पण मध्ये 'इज' आहे. 'धिस' एकटाच उभा, म्हणून सर्वनाम. 'धिस काऊ इज ओल्ड' यात तो गाईला जोडलेला, म्हणून विशेषण. 'हिज कार्ट' यातला 'हिज' विशेषण. 'द कार्ट इज हिज' यातला सर्वनाम. 'माय' मात्र नामाशिवाय चालत नाही. तिथे 'माइन' लागतो. आपला 'माझा' दोन्हीकडे चालतो, म्हणून आपली मुले फसतात.

नव्या पुस्तकांत नामाआधीच्या अशा शब्दांना 'डिटर्मिनर' म्हणतात. नाव बदलले तरी काम तेच. एकच बैल नांगराला जुंपला की नांगराचा, गाडीला जुंपला की गाडीचा. तसेच शब्दाचे. मैत्रिणींनो, शिक्षण थोडे म्हणून मुलांच्या वहीपासून दूर बसू नका.

तो काही बोलला नाही. संध्याकाळी मात्र वही घेऊन चुलीपाशी आला. "आई, हे बघ."

"यातलं 'हे' कोणतं रे?"

"सर्वनाम!" म्हणाला, आणि माझ्याजवळच पाटावर बसला.