खाट, मेज, खुर्ची आणि दिवा

नवे घर घेणाऱ्या माणसाचा हिशेब बहुधा घराच्या किमतीपाशी थांबतो. करारनामा, मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि बँकेचे कर्ज यांची जुळवाजुळव करता करता तो मेटाकुटीस येतो. आणि मग चावी हाती पडल्यावर, रिकाम्या भिंती पाहून जो खर्च होतो त्याला हिशेब म्हणता येत नाही. लूकच्या शुभवर्तमानातील बुरूज बांधू पाहणारा माणूस आपण प्रवचनांतून पुष्कळदा ऐकला आहे. कामास हात घालण्याआधी खाली बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, नाहीतर नुसता पाया घातला जातो आणि लोक हसतात, असे प्रभू येशू तेथे सांगतो. आजकाल बुरूज पुरा होतो; अर्धवट राहतो तो त्यात राहणाऱ्यांचा संसार.

आपल्या वसईच्या वाड्यांतील जुन्या घरांत सामान एका दिवसात आले नव्हते. तांब्याचा हंडा आजीच्या लग्नातला, लाकडी पेटी तिच्या सासूची, कपाट भाजीच्या एखाद्या बऱ्या हंगामातले, तर पंखा थोरल्या मुलाच्या पहिल्या पगारातला. प्रत्येक वस्तूमागे एक वर्ष आणि कुणाचे तरी कष्ट असत. फ्लॅटमध्ये राहावयास जाणारे तरुण जोडपे मात्र तीन पिढ्यांत साठलेले घर एका दुपारी दुकानातून उचलू पाहते, आणि दुकानदार सुलभ हप्त्यांचा कागद पुढे करून त्याला साहाय्यही करतो.

गेल्या वर्षी माझी भाची आणि जावई आपली यादी घेऊन माझ्याकडे आले. घर ४३० चौरस फुटांचे. यादीत सोफा, मॉड्युलर किचन, डबल बेड, जेवणाचे टेबल, मोठा टीव्ही, एसी असे सारे काही होते. बेरीज ५ लाख २० हजार रुपये. हाती होते २ लाख ४० हजार.

“मावशी, आयुष्यात एकदाच तर होतं हे,” भाची म्हणाली.

“यादी कशावरून केलीस?” मी विचारले.

“खोल्या बघून.”

तिने खरे तेच सांगितले होते. यादीत दिवाणखाना होता, स्वयंपाकघर होते, शयनगृह होते. गुडघ्यांच्या दुखण्याने जमिनीवर बसता न येणारी तिची सासू, जी त्याच घरात राहावयास येणार होती, ती कुठेच नव्हती. आपल्यातील बहुतेक याद्यांची हीच गत असते. त्या खोल्या भरण्यासाठी केलेल्या असतात, माणसांसाठी नव्हे.

आम्ही तीन कोरे कागद घेतले. पहिल्यावर, जिच्यावाचून पहिली रात्र निघणार नाही अशीच वस्तू लिहावयाची: अंथरुणे, बादल्या, पाण्याचे पिंप, कुकर, तवा, शेगडी, दिवे, पंखे. गॅसच्या दोन सिलिंडरांची अनामत प्रत्येकी २,२०० आणि रेग्युलेटरची २५० म्हणजे ४,६५० रुपये, हे त्यांच्या मूळ यादीत नव्हतेच. पंख्यांच्या बाबतीत मी थोडा आग्रह धरला. ७५ वॅटचा जुन्या पद्धतीचा पंखा रोज १२ तास चालला तर महिन्याला २७ युनिटे वीज घेतो; नव्या बीएलडीसी मोटारीचा ३० वॅटचा पंखा सुमारे ११. किंमत अधिक असली तरी तीन पंख्यांचे मिळून दरमहा ४८ युनिटे वाचतात. हा कागद ४६ हजारांत बसला. दुसऱ्यावर पहिल्या महिन्याचे सामान: फ्रिज, धुलाई यंत्र, लोखंडी कपाट आणि सासूबाईंसाठी उंच, पक्की खाट. त्याचे ८२ हजार. उरलेले सारे तिसऱ्या कागदावर गेले. ते बचतीतून, एकेक करून, जमेल तेव्हा.

दोन्ही कागदांचे १ लाख २८ हजार वजा जाता १ लाख १२ हजार उरले. बँकेचा हप्ता २४ हजार आणि सोसायटीचा देखभाल खर्च अडीच हजार. असे तीन महिन्यांचे ७९,५०० रुपये बाजूला काढावयास लावले. जावयाला हे मानवले नाही. “पैसे असून नुसते ठेवायचे?” असे त्याने विचारले. मी त्याला सोसायटीच्या उपविधींची आठवण दिली. बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम दरसाल सिंकिंग फंडात टाकावी, असे आदर्श उपविधी सांगतात. दगडविटांच्या भिंतींनाही राखीव पैसा लागतो; मग आजारपण आणि नोकरीची अनिश्चिती ज्यांच्या वाट्याला येते त्या माणसांना तो लागणार नाही काय? शेवटी उरलेल्या ३२,५०० पैकी २० हजार टेम्पो, पडदे, नळकाम अशा आगंतुक खर्चांस आणि १२,५०० गृहाशीर्वादाच्या साध्या जेवणास ठेवले.

फ्लॅटच्या विक्रीचे मोजमाप आता चटईक्षेत्रावर होते. २०१६ च्या रेरा कायद्याने ते बंधनकारक केले. शब्द सरकारी आहे, तरी मला तो आवडतो. साडेसहा फूट लांब व सहा फूट रुंद पलंग ३९ चौरस फूट खातो, सोफा १८, खुर्च्यांसह टेबल सुमारे ३०. म्हणजे वीस वर्षे हप्ते भरून घेतलेल्या ४३० फुटांतील एक पंचमांश जागा तीन वस्तू अडवतात. तेथे चटई कोठे पसरावयाची?

राजांच्या दुसऱ्या ग्रंथात शूनेम गावच्या एका स्त्रीची कथा आहे. अलीशा संदेष्टा त्या वाटेने ये-जा करीत असे, म्हणून तिने पतीला सांगून त्याच्यासाठी माडीवर एक लहानशी खोली बांधविली आणि तीत एक खाट, एक मेज, एक खुर्ची व एक दिवा ठेवला. ती बाई धनवान होती. तिला आणखी पुष्कळ काही ठेवता आले असते. परंतु थकून येणाऱ्याला निजावयास, जेवावयास, बसावयास आणि अंधारात पाहावयास काय लागते, एवढाच विचार तिने केला. गरजेच्या वस्तूंची याहून शहाणी यादी माझ्या वाचनात नाही. येणारे माणूस आधी, सामान नंतर, हा तिचा क्रम आपण उलटा केला आहे. आणि शेजाऱ्याच्या दिवाणखान्याची बरोबरी करता करता कित्येक कुटुंबे पाहुण्याला चहा देण्याआधी मनातल्या मनात हप्ता मोजू लागली आहेत.

तिसरा कागद भाचीने कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. त्यावरील दोन ओळींवर काट मारली गेली. सोफा अद्याप शिल्लक आहे. ऑक्टोबर महिन्यात इमारतीतील कुटुंबांची जपमाळ त्यांच्या घरी झाली, तेव्हा अठरा माणसे चटयांवर दाटीवाटीने बसली होती, आणि सासूबाई आपल्या खाटेवर बसून पहिले रहस्य सांगत होत्या.