मागची खिडकी आणि कूलर

हिचकॉकचा 'रिअर विंडो' (१९५४) नागपुरात घडूच शकला नसता, असं माझं ठाम मत आहे. सुरुवातीलाच कॅमेरा एका थर्मामीटरवर जातो. पारा ९४ फॅरनहाइट. न्यूयॉर्कवाले उकाड्यानं हैराण, खिडक्या सताड उघड्या, एक जोडपं तर गादी टाकून बाहेरच झोपलेलं. ९४ म्हणजे साधारण ३४ अंश. राजेहो, एवढं तर आमच्याकडे मार्चमध्येच असतं! आणि खरा उन्हाळा लागला की आमच्या खिडक्या उघडत नाहीत, त्यात कूलर बसतो. समोर कुणी कुणाचा गळा दाबला तरी मला दिसणार कूलरची पाठ आणि ऐकू येणार त्याची घरघर.

असो. गेल्या शनिवारी तो चौथ्यांदा पाहिला. गोष्ट तशी एवढीशी. पाय प्लॅस्टरमध्ये असलेला फोटोग्राफर जेफ (जेम्स स्ट्युअर्ट) व्हीलचेअरवर बसून समोरच्यांच्या खिडक्या बघतो आणि त्याला संशय येतो की थोरवाल्डनं बायकोला संपवलंय. कॅमेरा जवळजवळ पूर्ण वेळ जेफच्याच खोलीत. त्याला दिसतं तेवढंच आपल्याला. लिसा (ग्रेस केली) थोरवाल्डच्या घरात शिरते, तो परत येताना आपल्याला दिसतो, तिला दिसत नाही. ओरडून उपयोग नाही, उठता येत नाही. सगळा थरार एवढ्यातच आहे.

मध्येच जेफचा पोलीस मित्र येऊन सांगतो की बाई जिवंत आहे, गावाला गेलीय. जेफ आणि लिसाचे चेहरे पडतात. आणि आपलाही पडतो! म्हणजे एका बाईचा खून झालेला असावा, अशी आपली आतून इच्छा असते. लिसा हे बोलूनही दाखवते, तरी आपण पुढे बघतोच.

माझा आवडता प्रसंग मात्र कुत्र्याचा. कुणीतरी त्याला मारून टाकतं आणि त्याची मालकीण बाल्कनीतून सगळ्या चौकाला ऐकवते, की शेजारी म्हणवून घेता, पण इथे कुणी जगलं काय आणि मेलं काय, कुणाला पर्वा आहे? सगळे खिडकीत येतात. फक्त एका अंधाऱ्या खोलीत सिगारेटचं टोक पेटतं. इतकी वर्षं सगळे एकमेकांना बघतायत, ओळख कुणाचीच नाही.

आपल्याकडे निखिल महाजनच्या 'पुणे ५२'मध्ये (२०१३) गिरीश कुलकर्णीचा डिटेक्टिव्ह लोकांच्या लफड्यांचे फोटो काढून पोट भरतो आणि शेवटी एका क्लायंटच्या भानगडीत स्वतःच अडकतो. सिनेमा थोडा रेंगाळतो, पण बघाच.

हे सगळं आठवायचं कारण आमची सोसायटी. मागच्या वर्षी आठ सीसीटीव्ही लागले, फीड कमिटीवाल्यांच्या मोबाइलवर. एका सकाळी व्हॉट्सॅप ग्रुपवर क्लिप आली. तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहणारी मुलगी रात्री पावणेदोनला गेटमधून आत येतेय. खाली शब्द एकही नाही, नुसती तीन प्रश्नचिन्हं. त्यावर पाच-सहा अंगठे. मी लिहिलं, "काका, तिची यूएस शिफ्ट आहे, ऑफिसची कॅब सोडते. क्लिप काढा प्लीज." क्लिप निघाली.

पण नंतर आठवडाभर लिफ्टमध्ये लोक माझ्याकडेच बघून राहिले होते. याला कसं माहीत बे, तिची शिफ्ट?

'रिअर विंडो'त शेवटाकडे लिसा पाठीमागे हात धरून जेफला बोटातली अंगठी दाखवते. थोरवाल्डला ते दिसतं. तो मान वळवतो आणि थेट लेन्समध्ये, म्हणजे आपल्याकडे बघतो. चौथ्यांदा बघतानाही मी सोफ्यावर जरा मागे सरकलो.

त्या मुलीनं पुढच्याच महिन्यात फ्लॅट सोडला. का, ते कुणी विचारलं नाही.