राजीनाम्याचा मुहूर्त

गेल्या महिन्यात एका रविवारी आमचा भाचा पुण्याहून भेटीस आला. हिंजवडीच्या एका संगणक कंपनीत तो सहा वर्षे नोकरी करीत आहे. जेवणे आटोपून आम्ही ओटीवर सुपारी कातरीत बसलो असता त्याने खिशातून मोबाइल काढून आमच्यापुढे धरला. त्यावर चार ओळींचा राजीनामा लिहून तयार होता. "मामा, पाठवू का? नुसते बोट लावायचे आहे," तो म्हणाला. शुक्रवारी त्याचा वरिष्ठ पंचवीस माणसांदेखत त्यास टाकून बोलला होता, आणि असा प्रसंग पहिलाच नव्हता. आम्ही म्हणालो, "अरे, आजची रात्र जाऊ दे. उद्या सकाळी स्नान करून मग पाहू." भाचा काहीसा हिरमुसला. त्यास आमच्याकडून आशीर्वाद हवा होता, आणि आम्ही त्याला पंचांग दाखविल्यासारखे केले! तोंडी जे नीट सांगता आले नाही, ते येथे लिहीत आहो. कारण ज्या घरांत हे मासिक जाते, त्यांपैकी पुष्कळ घरांत असा एखादा भाचा, एखादी लेक किंवा सून असेलच.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. कठोर वरिष्ठ आणि वाईट वरिष्ठ हे एक नव्हेत. १९७९ साली आम्ही कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी शिक्षक म्हणून रुजू झालो, तेव्हाचे हेडमास्तर अत्यंत करडे होते. आमचे पाठाचे टाचण त्यांनी पहिल्याच आठवड्यात तीन वेळा परत लिहावयास लावले. हजेरीपटात एक आकडा खोडलेला दिसला की त्यांच्या कपाळास आठी पडे. परंतु रागे भरावयाचे ते आपल्या खोलीत, दार लोटून घेऊन. आणि चांगले म्हणावयाचे ते सर्वांसमक्ष. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. पुढे शिक्षकाची पदविका तेवढी घेतलेली. तथापि लहानपणी आजोबांजवळ अमरकोश, रूपावली आणि रघुवंशाचे काही सर्ग झालेले असल्यामुळे, त्यांनी आठवीच्या संस्कृताचा तास विश्वासाने आमच्याकडे सोपविला. त्यांच्या हाताखाली आम्ही घाबरत असू. पण रोज संध्याकाळी थोडे अधिक शहाणे होऊन घरी येत असू. अशा माणसास कंटाळून जो नोकरी सोडतो, तो आपलेच नुकसान करून घेतो.

१९९१ साली ते निवृत्त झाले, आणि त्यांच्या जागी दुसरे गृहस्थ आले. त्यांचे नाव, गाव सांगण्याचे प्रयोजन नाही. त्यांनी पहिल्याच महिन्यात आठवीचा संस्कृताचा तास आमच्याकडून काढून घेतला. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. आमच्यापाशी पदवी नव्हती. पण ही गोष्ट त्यांनी खोलीत बोलावून सांगितली नाही. भर तासाला वर्गात येऊन, चाळीस मुलांदेखत ते म्हणाले, "मास्तर, आपली पात्रता कागदावर दिसते आहे. आपण खाली पाचवीत जा." आम्ही खडू ठेवला आणि गेलो. मुलांनी माना खाली घातल्या होत्या, एवढे मात्र दिसले.

पुढे हाच क्रम झाला. वेळापत्रकात मोकळा तास नाहीसा झाला. मातोश्री अंथरुणास खिळल्या असता मागितलेली दोन दिवसांची किरकोळ रजा नामंजूर होऊन आली. शिक्षकांच्या खोलीत कोण काय बोलतो, हे शिपायाकडून ऐकून घेण्याची रीत पडली. पूर्वी जेथे हसणे चालत असे, तेथे आता प्रत्येक जण वही तपाशीत असल्याचे सोंग करी. कठोर माणूस कामावर नजर ठेवतो, वाईट माणूस माणसांवर ठेवतो, हा धडा आम्ही तेथे घेतला.

मग सोडून का गेला नाहीत, असे कोणीही विचारील. त्याचे उत्तर अंकगणिताचे आहे. आमची सेवा त्या वेळी बारा वर्षांची. ज्या पेन्शनच्या नियमांखाली आम्ही होतो, त्यांप्रमाणे राजीनामा दिला की मागील सेवा बुडे. स्वेच्छेने निवृत्त व्हावयाचे तर वीस वर्षे भरली पाहिजेत. घरी दोन मुले शिकत होती, शेतीवाडी काही नव्हती. (१ नोव्हेंबर २००५ पासून पुढे ज्यांच्या नेमणुका झाल्या, त्यांचा पेन्शनचा हिशोब निराळा आहे; त्यांनी आमचे गणित आपल्यास लावू नये.) ज्याच्या घरी चूल दुसऱ्याच्या पगारावर पेटते, त्यास 'स्वाभिमान असेल तर उद्याच सोड' असे सांगणारे पुष्कळ भेटतात, मात्र परवा दळण कोठून आणावे, हे त्यांपैकी कोणी सांगत नाही. म्हणून राहिलो, आणि राहिल्याबद्दल आम्हांस आजही लाज वाटत नाही.

लाज वाटते ती दुसऱ्या एका गोष्टीची. १९९४ च्या पावसाळ्यातील एक दुपार. सहावीच्या वर्गात आम्ही निबंध तपाशीत होतो. एका मुलाने 'दिन' आणि 'दीन' यांची अदलाबदल केली होती. निबंधभर, सात ठिकाणी. मुलगा गरीब घरचा, कष्टाळू. आम्ही वही उंच धरली आणि सर्व वर्गास ऐकू जाईल असे म्हणालो, "तुझी पात्रता काय, ती कागदावर दिसते आहे." मुलाने मान खाली घातली. शेजारच्या मुलांनीही घातली. तो देखावा आम्ही पूर्वी पाहिलेला होता. फक्त त्या वेळी आम्ही दुसऱ्या बाजूस उभे होतो.

त्या रात्री जेवण गेले नाही. घरात विचारणा झाली, तेव्हा घडले ते सांगितले. आम्हांस वाटले, सौभाग्यवती समजूत घालतील. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, शाळेतले मला ठाऊक नाही. पण वर्षभर तुम्ही घरातसुद्धा त्यांच्याच आवाजात बोलता आहात. मुले तुम्ही आल्यावर आतल्या खोलीत जाऊन बसतात. तुमच्या ध्यानात आले नाही का?" आमच्या ध्यानात आले नव्हते. अपमान सोसणे हा आपला मोठेपणा आहे, अशा समजुतीत आम्ही होतो. आणि तो सोसलेला अपमान रोज संध्याकाळी पिशवीतून घरी आणून पोरांना वाटत होतो!

दुसऱ्या दिवशी वर्गात त्या मुलाची सर्वांसमक्ष क्षमा मागितली, आणि त्याच रात्री जाण्याचे ठरविले. ठरविले एवढेच, राजीनामा लिहिला नाही. खाजगी शाळांतील नोकरांसंबंधी १९७७ साली महाराष्ट्रात जो कायदा झाला, त्याने राजीनाम्याची रीत घालून दिली होती: दोन प्रती लिहाव्या, दोहोंवर सही करून तारीख घालावी, एक व्यवस्थापनास रजिस्टर टपालाने धाडावी आणि दुसरी आपल्यापाशी ठेवावी. कायम शिक्षकाने जाण्यापूर्वी तीन महिन्यांची सूचना द्यावी, असाही निर्बंध होता. तारखेविना कोरा राजीनामा लिहून घेणाऱ्यास जसा यामुळे आळा बसे, तसाच रागाच्या भरात लेखणी उचलणाऱ्यासही बसे. पोस्टाच्या कचेरीपर्यंत चालत जाता जाता निम्मा राग उतरतो. भाच्याच्या मोबाइलात ही सोय नाही, म्हणून एक रात्र आम्ही मागून घेतली.

आम्ही शाळेमार्फत रीतसर अर्ज करू लागलो, जेणेकरून मागील सेवा तुटू नये. त्यापूर्वी हेडमास्तरांच्या खोलीत जाऊन एकदाच, शांतपणे, जे खुपत होते ते सांगितले. त्याचा काही उपयोग झाला नाही. तरी सांगितल्याचे समाधान झाले. पाठीमागे कुजबुजण्याची गरज उरली नाही. चौदा महिन्यांनी त्याच जिल्ह्यातील एका आडगावच्या शाळेत जागा मिळाली. तेथे ज्येष्ठतेच्या यादीत आम्ही तळाशी गेलो, एस्.टी. चुकली तर दोन कोस पायी चालावे लागे. पण एक गंमत सांगण्याजोगी आहे. त्या चौदा महिन्यांत हेडमास्तर तेच, वेळापत्रक तेच, बोलणीही तीच. तरी त्यांचा भार निम्म्याने कमी झाला होता. ज्यास आपण जाणार हे ठाऊक आहे, त्यास राहणे सोसते.

आमच्या पिढीस मिठास जागण्याची शिकवण होती, आणि ती वाईट नव्हे. परंतु या बाबतीत वाल्मीकींनी आपल्यापुढे तीन माणसे ठेवली आहेत. मारीचाने रावणास हिताचे सांगितले. रावणाने प्राणांची भीती घालताच तो कांचनमृग होऊन मरणास गेला. कुंभकर्णाने भावास दोष दिला, आणि तरी त्याच्याच बाजूने लढून पडला. बिभीषणाने भरसभेत सांगितले, झिडकारला गेला, आणि चार सोबत्यांसह लंका सोडून निघाला. तिघांनाही धनी वाईट आहे हे कळत होते. पहिला भयाने राहिला, दुसरा नात्याने. तिसरा तेवढा सांगून निघाला. त्यास घरभेदी म्हणणारे आजही आहेत. नोकरी सोडणाऱ्याने तेवढे बोल ऐकण्याची तयारी ठेवावी.

आणखी एक उदाहरण घरचेच आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७९ साली सरकारी शाळेतील नोकरी सोडली, आणि १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्यांची निबंधमाला १८७४ पासूनच चालू होती, हे सांगावयाचे राहून जाते. म्हणजे सरकारी चाकरी सुटली, तेव्हा त्यांचे स्वतःचे काम पाच वर्षांचे झालेले होते. १८८२ साली, वयाची बत्तीस वर्षेही पुरी झाली नसता ते वारले; नव्या कामास जेमतेम दोन वर्षे लाभली. तात्पर्य, तयारीवाचून उडी घेऊ नये हे खरे, पण तयारी करीत जन्म घालवू नये हेही तितकेच खरे.

सोमवारी सकाळी चहा घेताना आम्ही भाच्यास हे सारे सांगितले नाही. तीन प्रश्न मात्र विचारले. तुझ्या वरिष्ठास तू एकदा तरी, एकांतात, स्पष्ट बोलला आहेस काय? सहा महिने घर चालेल एवढी शिल्लक किंवा दुसरी जागा दृष्टीस आहे काय? आणि तुझ्या हाताखाली जी दोन नवी मुले आहेत, त्यांच्याशी तू कसा बोलतोस? पहिल्या दोहोंस त्याने चटकन उत्तर दिले: बोललो नाही, आणि शिल्लक चार महिन्यांची आहे. तिसऱ्या प्रश्नास तो बराच वेळ कपाकडे पाहत राहिला.

राजीनामा त्याने त्या दिवशी पाठविला नाही. दिवाळीपर्यंतची मुदत त्याने स्वतःस घालून घेतली आहे. जाईल किंवा राहील. निर्णय त्याचा आहे. आमचे म्हणणे इतकेच की, वाईट वरिष्ठाचे दुःख जोवर आपल्यापाशी दुःख म्हणून आहे, तोवर सोसण्यास, थांबण्यास, हिशोब करण्यास अवकाश आहे. ज्या दिवशी ते आपल्या तोंडून आपल्याहून दुबळ्यावर उतरू लागते, त्या दिवशी निघण्याच्या तयारीस लागावे. आम्हांस ते कळण्यास तीन वर्षे लागली, आणि त्याची किंमत एका मुलाने, आणि घरातल्या दोघांनी, दिली.